काट मारलेला फिशपाँड

२ डिसेंबर, मंगळवार

उद्या वाळवीवाला येणार म्हणून आईचं कपाट रिकामं केलं. बाबा गेल्यावर तिला महाल भागातल्या जुन्या घरातून इकडे मानेवाड्याला आमच्याकडे आणलं, तेव्हापासून खालचा कप्पा कुणी उघडलाच नव्हता. निघालं ते असं: सत्काराच्या शाली (कुणाच्या सत्काराच्या, देव जाणे), ब्लाउजच्या मापांचे कागदी नमुने गठ्ठाभर, बाबांचा एकच मोजा. आणि पेपरात गुंडाळलेला आईच्या शाळेचा वार्षिक अंक. नाव 'प्राजक्त'. दहावीच्या वर्षाचा.

आई वॉकला गेली होती. उभ्याउभ्याच वाचत सुटले.

काय गंमत आहे! मुख्याध्यापिकाबाईंचं मनोगत, त्यात शिस्त, शिस्त आणि शिस्त. रामटेकच्या सहलीवर दोघींचे दोन निबंध, दोन्हींत माकडानं डबा पळवला. मागे जाहिराती: कापडदुकान, बँड पार्टी, शाई. दहावी 'ब'चा फोटो. दुसऱ्या रांगेत आई, वर बांधलेल्या दोन वेण्या, डोळे अर्धवट मिटलेले. अजूनही फोटोत अशीच येते.

बक्षिसांच्या यादीत 'गणित, द्वितीय: कु. कुसुम गावंडे'. गणित! माझी गणिताची वही आईनं जन्मात उघडली नाही. विचारलं की "तुह्या बाबाले विचार."

मग फिशपाँडचं पान. आमच्या कॉलेजातही असायचे. नाव न लिहिता चिठ्ठी डब्यात टाकायची, वर फक्त कुणासाठी ते, आणि गॅदरिंगला एकीनं माइकवर वाचायच्या. जिच्यावर असेल तिनं हसायचं, आतून जळत असली तरी. अंकात त्यातले निवडक छापलेत. एकीच्या जाड चष्म्यावर, एकीच्या डब्यातल्या लसणाच्या चटणीवर. पानाच्या मधोमध 'कु. कुसुम गावंडे हिला' आणि त्याखालच्या दोन ओळी काळ्याठिक्कर. शाईनं काट मारलेली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. कागद मागच्या बाजूनं फुगलाय.

आई आली. दारातूनच पाहिलं तिनं.

"कुठी सापडलं ते?"

"कपाटात. आई, इथे काय लिहिलं होतं?"

"ठेवून दे."

आणि थेट आंघोळीला गेली. वॉकहून आल्या आल्या आई कधी आंघोळ करत नाही. घाम वाळू द्यावा लागतो तिला.

३ डिसेंबर, बुधवार

वाळवीवाला औषध मारून गेला. घरभर वास, डोकं उठलं. अंक पर्समध्ये घालून दुकानात नेला. (चोरी नाही. औषधाचा वास लागू नये म्हणून.)

दुपारी आमच्या चष्म्याच्या दुकानात कुत्रं फिरकत नाही. भिंगाखाली धरला. काचा तपासायच्या दिव्यासमोर मागून धरला. काही नाही. शेवटी एक उद्गारचिन्ह तेवढं काटेतून सुटलंय. म्हणजे गमतीचं असणार. किंवा झोंबणारं. उद्गारचिन्ह दोन्हींना चालतं.

सु. काउंटरवरून म्हणाला, "त्याहीनंच खोडलं असंल. तुले काय करायचं?" माझा नवरा सज्जन आहे, पण त्याला कशाचंच कुतूहल नाही. आईनं स्वतः खोडलं असतं तर अंक ठेवला कशाला असता? रद्दीत गेला असता. ती तर तो सासरी घेऊन गेली आणि तिथून माझ्या घरी घेऊन आली.

५ डिसेंबर, शुक्रवार

आईकडून काही काढून घ्यायचं तर मध्ये भाजी हवी. नुसतं समोर बसून विचारलं की उठून जाते. आज मेथीच्या चार जुड्या आणल्या. सु. म्हणाला, इतकी मेथी कोण खाणार. त्याला काय सांगू.

दुसऱ्या जुडीला आई बोलली.

"मी नाही वं खोडलं. बाबांनी खोडलं. माह्या बाबांनी."

आजोबांनी!

झालं असं. गॅदरिंगच्या आठवड्यात आईला कांजिण्या आल्या. शाळा बंद, भेटायला येणं-जाणं बंद. अंक गॅदरिंगलाच निघे; घरी आला तो आधी आजोबांच्या हातात पडला. तिच्या हातात आला तो काट मारलेलाच. का, हे विचारायची टाप नव्हती. मग बोर्डाची परीक्षा. मार्क चांगले. सायन्सला जायचं होतं तिला. हे मला आज कळतंय. आजोबा म्हणाले, कॉलेज नाही. "तुले शिवणाची आवड आहे नं? तं शिवण शिक." क्लासला घातलं. मग लग्न. पुढचं मला माहीत आहे. आम्हा दोघी बहिणींची शिक्षणं निम्मी तिच्या मशिनवर झाली.

"पण लिहिलं काय होतं त्यात?"

"मले काय माहीत?"

पन्नास वर्षं. तिला माहीत नाही.

"कुणाला विचारलं नाहीस?"

"कायले विचारू? बापानं काट मारली म्हणजे तसंच असंल काही." काड्या वेचत राहिली. मग खाली बघूनच, "इंग्रजीचे नवीन सर आले होते तवा. पोट्ट्या मले त्याहीच्यावरून चिडवत. मी काही केलं नव्हतं वं, ज्योती."

सहासष्ट वर्षांची बाई आपल्या लेकीला खुलासा देत होती. मला इतकं वाईट वाटलं की मी पानं सुपाबाहेर आणि काड्या सुपात टाकत होते. तिनंच हात धरून थांबवलं.

७ डिसेंबर, रविवार

आईच्या फोनवर शाळेच्या मैत्रिणींचा ग्रुप आहे. पमी म्हणून कुणी आहे, तिनं तिला त्यात ओढलं. आईनं आवाज बंद करून ठेवलाय. आज उघडून पाहिला. (विचारून. जवळजवळ.) दहावीला पन्नास वर्षं झाली म्हणून २१ तारखेला गेट-टुगेदर, धंतोलीतल्या हॉलमध्ये. जेवणात काय हवं यावर मेसेजांचा पाऊस. एकीला पाटोडी रस्सा हवाय, एकीला डॉक्टरनं तिखट बंद केलंय.

"जा नं आई."

"मले नाही जमत."

"काय नाही जमत?"

"गुडघे."

याच गुडघ्यांनी रोज सकाळी बागेला पाच चकरा होतात.

पण ग्रुप बघते. संध्याकाळी पाहिलं, जुने फोटो बोटांनी मोठे करून बघत होती. "ही पमी. केवढी जाड झाली बाप्पा. ही गेली म्हणते वं मागच्या वर्षी." जायचंय तिला. मला अगदी स्वच्छ दिसलं. भीती एकच आहे. तिथे कुणीतरी हसत हसत म्हणेल, कुसुम, तुझ्यावरचा फिशपाँड आठवतो का, सगळ्या हसतील आणि तिला एकटीलाच माहीत नसेल की कशाला हसताहेत.

तर ते आपण आधी शोधून काढायचं. ठरलं.

फिशपाँड निवडणाऱ्या मुलींची नावं अंकात आहेत. पहिलंच मालती. आईला विचारलं कोण ही.

"माही जिवाची मैत्रीण होती. तिनंच छापू देलं असंल."

अंक मिळाला त्या दिवसापासून आई मालतीशी बोललेली नाही. नागपूर ते केवढं! दोघी जन्मभर याच गावात.

९ डिसेंबर, मंगळवार

ग्रुपमधून मालतीचा नंबर घेतला. फोन लावला, अगदी मीच दहावीत असल्यासारखी. नाव सांगितलं, कुसुम गावंडेची मुलगी. त्यांनी नाव एकदा परत म्हटलं. मग, "कळमन्याले ये. आमची आडत आहे संत्र्याची. कोणालेही विचार. आईले आणू नको. म्हणजे, आली तं आण. नाही, तू एकटीच ये."

११ डिसेंबर, गुरुवार

विधानसभेचं अधिवेशन सुरू, निम्मे रस्ते बंद, पोलीस सांगेल तिकडून वळा. कळमन्याला पोचायला दुपार झाली. यार्डात संत्र्यांचे ढीगच ढीग, वास नाकात बसला तो अजून आहे.

मालतीमावशी गादीवर बसलेल्या. उंच्यापुऱ्या, आवाज असा की माइक नको. धंदा मुलं बघतात, ह्या मुलांना बघतात. मला पाहिलं आणि म्हणाल्या, "डोळे तिचेच वं. झोपेतून उठल्यावाणी." मग चहा. मग दुसरा चहा. तब्येत, माझी मुलगी, माझं दुकान, त्यांचा मोतीबिंदू. दोघीही मुद्द्याला हात लावायला तयार नाहीत. शेवटी मीच.

"मावशी, आईवरचा तो फिशपाँड. तुमच्याकडे अंक आहे का?"

"अंक कायले पाहिजे? पाठ आहे मले. मीच लिहिला." आणि कविता म्हणून दाखवावी तशा सरळ बसल्या.

घरी सांगते 'शिवणाचा तास',
मैदानावर सायकलचा ध्यास!

मी वाट पाहिली. पुढे काही नव्हतं.

"एवढंच?"

"एवढंच."

शाळा सुटल्यावर मागच्या मैदानावर मालतीच्या भावाची सायकल. मोठी, दांड्याची. आईला शिकायची होती. आजोबांना पोरीनं सायकलवर बसलेलं खपत नसे, म्हणून घरी थाप, शिवणाचा जादा तास आहे. बाकीच्या मुली मागून ढकलायच्या. पडली, कोपर सोलवटलं, स्कर्ट फाटला तर पिना लावून घरी. "मस्त चालवे वं ती मंग. दोन हात सोडून. आम्ही पाहत राहू."

माझी आई. दोन हात सोडून.

मी हसले. खूप हसले. मग एकदम थांबले, कारण आजोबांचं ते वाक्य आठवलं. तुले शिवणाची आवड आहे नं? तं शिवण शिक.

मावशींना सांगितलं, आईनं ती ओळ कधी वाचलीच नाही. काट आजोबांनी मारली. कॉलेज त्यामुळेच गेलं असणार. त्यांचा चेहरा उतरला. पदर तोंडाला लावून बसून राहिल्या. एक हमाल काही विचारायला आला, त्याला हातानंच घालवलं.

"मले वाटलं तिचं गुपित फोडलं म्हणून रागावली. दोनदा गेली मी तिच्या घरी. काकू दारातूनच म्हणाल्या, कुसुम कोणाले भेटत नाही. मी समजली का मलेच भेटत नाही."

मग आणखी एक सांगितलं. अंक घरी कसा गेला? मालतीनंच नेऊन दिला. कांजिण्या म्हणून आत जाऊ देईनात, दारातच आजोबांच्या हातात दिला. खूश होती. आपण लिहिलेलं छापून आलं म्हणून. "मीच पान उघडून देलं वं त्याहीले. म्हटलं, काका, हे पाहा, कुसुमवर आहे!"

निघताना हात घट्ट धरला. "सायकलचं तिले सांग. पण हे दुसरं सांगू नको. ते मी सांगीन. आली तं."

आणि संत्र्यांची पिशवी. नको नको म्हणेपर्यंत गाडीत.

१२ डिसेंबर, शुक्रवार

मी मूर्ख आहे. पिशवी सरळ ओट्यावर ठेवली. आईनं एक संत्रं उचललं, देठाकडून पाहिलं, हुंगलं.

"कुठून आणले?"

"चौकातून."

"चौकात असा माल येते का? पान लागलेलं आहे देठाले." संत्रं परत पिशवीत ठेवलं. "कळमन्याले गेली होतीस तू. मालतीकडं."

मालती कुठल्या घरी दिली, काय धंदा, मुलं किती, सगळं माहीत आहे बाईला. पन्नास वर्षं बोलली नाही, पण खबर ठेवून आहे.

मी म्हटलं, सांगू का?

"विचारलं का मी?"

दिवसभर विचारलं नाही. संत्र्यांनाही हात लावला नाही. सु.नं सहा खाल्ली.

१३ डिसेंबर, शनिवार

अजून विचारत नाही.

आज वेगळंच काही डोक्यात. सातवी पास झाले तेव्हा मला सायकल कुणी घेऊन दिली? आजोबांनी. लाल, समोर जाळीची टोपली. शिकवलीही त्यांनीच, आमच्याकडे येऊन, महालातल्या गल्लीत, सीट धरून मागे पळत, धोतर एका हातात. मी जगात सगळ्यात जास्त प्रेम कुणावर केलं असेल तर त्या म्हाताऱ्यावर. पहिल्यांदा एकटीनं चालवली तेव्हा ते ओरडले होते, "कुसुम, पाहा, पोट्टी चालवून राहिली!" आई दारात आली होती. गळ्यात मापाची टेप. पाहिलं आणि आत गेली. मला तेव्हा राग आला होता. म्हटलं, हिला कशाचंच कौतुक नाही.

आजोबांचा राग येतोय. आणि येऊ नये असंही वाटतंय. पश्चात्ताप झाला होता का त्यांना? की नातीचा जमाना वेगळा, इतकं साधं? आणि ती हाक. मुद्दाम मारली असेल का? आईला काही सांगायचं होतं का त्यांना? की विसरूनही गेले होते सगळं, आणि नुसते खूश होते? यातलं एकही आता विचारता येत नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार

आज विचारलं. सकाळी, मी दुकानात निघताना, एक चप्पल पायात.

"सरांचं होतं का?"

"नाही."

"देवाशपथ?"

"देवाशपथ. आई, सायकलचं होतं."

चप्पल काढून बसले आणि दोन्ही ओळी म्हणून दाखवल्या. लाडानं लिहिल्या होत्या हेही सांगितलं. हसेल असं वाटलं होतं.

"सायकल?" ती म्हणाली. परत म्हणाली, "सायकल." मग, "पोट्ट्यांनी सरांचं नाही लिहिलं." भिंतीला टेकली. खांदे असे खाली आले की मला वाटलं चक्कर येतेय. पाणी आणलं. प्यायली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी आधी कधी पाहिलेलं नाही. बरं वाटत होतं तिला. इतकं बरं, की मला रडू आलं.

आणि मग ते तिच्याही लक्षात आलं. मला दिसलं येताना.

"शिवणाचा तास," ती सावकाश म्हणाली. "म्हणजे त्याहीले माहीत होतं."

मी रिकामा पेला उचलला.

"दोन वर्षं मी त्या क्लासले जाऊन राहिली होती. मले वाटे, कॉलेज नाही देलं, पण बाबांनी माही हौस पुरवली. सगळ्याइले सांगे मी. तुह्या बाबालेही सांगतलं होतं. आमच्या बाबांनी हौसेनं शिकवलं म्हणून."

दुकान आज सु.नं एकट्यानं उघडलं.

१७ डिसेंबर, बुधवार

आईच्या खोलीत आजोबांचा फोटो आहे. रोज पुसून फूल ठेवते. आज पुसला नाही, फूलही नाही. काढून ठेवला असता तर मला बरं वाटलं असतं, निदान काही ठरलं असतं. तसाच आहे, थोडी धूळ घेऊन.

शेजारच्या ताई ब्लाउज न्यायला आल्या. "झाला नाही," म्हणाली. आईच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. ताईंनीही.

मी केलं ते बरोबर केलं का? सरांची भीती घालवली आणि बाप नेला. मला कुणी सांगितलं होतं खाजवायला?

धीर करून विचारलं, "आई, मग मला सायकल का घेऊन दिली असेल त्यांनी?"

"त्याहीले विचारायचं होतं. आता मले काय विचारतेस?"

खरंय.

१९ डिसेंबर, शुक्रवार

मालतीमावशींचा फोन. येते का? म्हटलं, माहीत नाही. फिशपाँड समजलाय तिला, पण मग आणखीही काही समजलंय. मावशी म्हणाल्या, "मी आणखी एक सांगणार आहे, ते बाकीच आहे." त्यांच्या आवाजात भीती होती. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई.

त्यांनी सांगितलं नाही तर आईला कधीच कळणार नाही. मी सांगणार नाही. शब्द दिलाय. पण मग दोघी गळ्यात गळा घालतील आणि ते एक मध्ये तसंच राहील. ते बरं की वाईट? माझा स्वभाव म्हणतो वाईट. माझ्या स्वभावावर माझा सध्या फारसा विश्वास नाही.

२० डिसेंबर, शनिवार

आईनं सुटकेस उघडून तीन साड्या काढल्या. तीनही परत ठेवल्या. मग सु.ला विचारलं, "सुनीलराव, मोरपंखी बरी का जांभळी?" सु. म्हणाला, दोन्ही. असा जावई मिळायला नशीब लागतं.

म्हणजे जाते आहे!

२१ डिसेंबर, रविवार

मोरपंखी. अकराला हॉलवर सोडलं. मी उतरायला लागले तर, "तू कायले? तू घरी जा."

गेले नाही. चौकात तर्री-पोहे खाल्ले, मग चहा, मग परत हॉलच्या फाटकाशी. आत सगळ्या म्हाताऱ्या मुलींचा कल्ला, एक जण माइकवर काही वाचत होती आणि बाकीच्या टाळ्या पिटत होत्या. आई तिथे नव्हती. पार मागे, कुंड्यांपाशी, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. मालतीमावशी बोलत होत्या, एकदम हळू, मला तर शब्दही ऐकू येईना. एक हात आईच्या गुडघ्यावर. आई हातातल्या बशीकडे बघत होती. मग मावशी बोलायच्या थांबल्या. आईनं बशी खाली ठेवली. त्यांचा हात गुडघ्यावरून बाजूला केला नाही. त्यावर आपला हातही ठेवला नाही.

कुणीतरी फाटकाशी आलं, मी सटकले.

गाडीत मी एक प्रश्न विचारला: जेवण कसं होतं. "पाटोडी बरी होती. रस्सा पातळ." घरापर्यंत एवढंच.

२२ डिसेंबर, सोमवार

आई दुपारी दुकानात आली. रिक्षानं, एकटी. दुकानाच्या उद्घाटनाला आली होती, त्यानंतर आज. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली, पर्स मांडीवर.

"मालतीनं सांगतलं. अंक तिनंच देला बाबांच्या हातात. पान उघडून." माझ्याकडे बघितलं. "तुले माहीत होतं."

"हो."

"बरं केलं नाही सांगतलं. तिच्या तोंडून ऐकायचं होतं ते." मग फोन काढून माझ्यापुढे धरला. मालतीमावशींचा मेसेज, सकाळचा. 'गुरुवारी तुह्याकडे येऊ का?' खाली काही नाही.

"मग? काय उत्तर देणार?"

आई आरशात बघत होती, काउंटरवरच्या, जिथे लोक फ्रेम लावून बघतात.

"पन्नास वर्षं तिच्यावर भलत्याच गोष्टीचा राग धरला वं मी. आता खरी गोष्ट समजली. तं तिच्यावर धरू, का बाबांवर धरू, का सोडून देऊ, ते मले पाहू दे. त्याही वक्ती सगळं दुसऱ्यानंच ठरवलं. हे तरी मी ठरवीन."

एक गिऱ्हाईक आलं, वाचायचा चष्मा हवा होता. त्याला मोकळं करेपर्यंत आई निघून गेली होती. सु. म्हणाला, रिक्षा करून दिली.

पाचला मालतीमावशींचा फोन, माझ्या नंबरवर. "कुसमी काही बोलली का?"

म्हटलं, विचार करते आहे.

"करू दे," त्या म्हणाल्या. "गुरुवारपर्यंत आहे वेळ." मागे यार्डातला लिलावाचा गलका ऐकू येत होता. मला वाटलं ठेवला फोन. पण होत्या.

"त्याच्यानंतरही आहे म्हण तिले."